शिकवणाऱ्याला आम्ही काय शिकवले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मगरिबची नमाज अदा करून आम्ही ट्रस्टच्या खोलीत बसलो होतो. पावतीपुस्तके समोर होती आणि मकतबच्या नव्या स्लॅबचा हिशेब चालला होता. तेवढ्यात मोहल्ल्यातील एक आई दाराशी येऊन उभी राहिली. सलाम करून म्हणाली, "काका, उद्यापासून माझा मुलगा मकतबला येणार नाही."

आम्ही कारण विचारले.

"हाफिजसाहेबांनी त्याला मारले. मार आम्हीही खाल्लाय, त्याची तक्रार नाही. पण आता तो घरी कायदा उघडला तरी थरथरतो. माझ्या मुलाच्या मनात कुरआनची भीती बसली, तर मी अल्लाहला काय जाब देऊ?"

ती निघून गेली. स्लॅबचा हिशेब तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाफिजसाहेबांना बोलावले. वय अवघे बावीस. घरापासून दूर, मशिदीच्या वरच्या खोलीत राहणारा मुलगा. आमच्यातले एक-दोघे रागावून बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी इतकेच म्हणाला, "मला जसे शिकवले, तसेच मी शिकवतो. दुसरी रीत मला कुणी दाखवलीच नाही."

त्याला काढून टाका, असा सूर बैठकीत निघाला. आम्ही जुने रजिस्टर उघडले. तीन वर्षांत तीन मोअल्लिम बदलले होते आणि तिघांच्याही बाबतीत तक्रार साधारण हीच होती. मग आम्ही खर्चाची पाने चाळली. वुजूखाना, फरशी, पंखे, इन्व्हर्टर, कमान, रंग या सगळ्याची नोंद होती. शिकवणाऱ्यांना काही शिकवण्यासाठी मात्र दहा वर्षांत एक रुपया खर्च झालेला नव्हता. खर्च सोडाच, तसे शीर्षच हिशेबात नव्हते.

त्या रात्री आम्हाला जे उमगले, ते इतर गावांच्या जमातींना आणि संस्थांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

दीड मिनिटाचा सबक

आमचे गाव कोकणात, खाडीच्या काठी. मशीद, मकतब आणि पहिली ते सातवीची उर्दू माध्यमाची शाळा अशी जबाबदारी आम्हा सात जणांकडे आहे. गावातील बरीच घरे आखाती देशांतल्या कमाईवर उभी आहेत. बांधकामासाठी हाक दिली की मदत येते. इमारत डोळ्यांना दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते. माणूस घडवण्याच्या कामाला पाटी लागत नाही, म्हणून कदाचित ते मागे राहते.

काढून टाकण्याचा निर्णय पुढे ढकलून आम्ही दोघे जण आठवडाभर मकतबमध्ये मागे बसलो. काय दिसले? चाळीस मुले, एक तास आणि एक हाफिज. प्रत्येक मूल पाळीपाळीने पुढे येऊन सबक ऐकवणार. साठ मिनिटांचे चाळीस भाग केले, तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. उरलेली साडेअठ्ठावन्न मिनिटे मुलाने काय करायचे? हलत-डुलत मोठ्याने वाचल्याचे सोंग करायचे, शेजाऱ्याला चिमटा काढायचा आणि गोंगाट वाढला की छडी खायची.

म्हणजे छडी हाफिजसाहेबांच्या स्वभावातून आलेली नव्हती. ती शिकवण्याच्या रीतीतून आली होती. त्या जागी आमच्यापैकी कोणालाही बसवले असते, तर चौथ्या दिवशी हात उगारला गेला असता. माणूस बदलून हे दुखणे जाणार नव्हते, कारण नवा येणाराही तीच रीत घेऊन येणार होता.

कुवेतहून परतलेले काका

आमच्यात एक काका आहेत. सव्वीस वर्षे कुवेतमध्ये तेल कंपन्यांच्या साइटवर फिटर होते. बैठकीत ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मी कुवेतला पोहोचलो तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या हातात कुणी पाना दिला नाही. आधी वर्गात बसवले."

मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. साइटवर पाऊल ठेवण्याआधी इंडक्शन होते. हायड्रोजन सल्फाइड वायूचे वेगळे प्रशिक्षण असते. हा वायू थोडा असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. ज्याला हे शिकवलेले नाही, तो वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजतो आणि तिथेच जीव गमावतो. त्याशिवाय रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटांची 'टूलबॉक्स टॉक' होते. फोरमन सगळ्यांना गोळा करतो आणि आज कोणते काम आहे, त्यात कुठे इजा होऊ शकते, तेवढेच बोलतो. सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूसही त्यातून सुटत नाही.

काका म्हणाले, "लोखंडाच्या पाइपला हात लावण्याआधी इतके शिकवतात. आपण तर लोकांची लेकरे हातात देतो. तीही पहिल्याच दिवशी, चावी आणि हजेरीपट देऊन. आणि लेकरू रडायचे थांबले की आपण समजतो, सगळे ठीक आहे."

यावर कोणाकडेही उत्तर नव्हते.

हजरत मुआज (रजि.) यांची चूक

काहींच्या मनात शंका होती की प्रशिक्षण वगैरे कंपन्यांचे खूळ आहे, दीनच्या कामात त्याची काय गरज? आमच्या इमामसाहेबांनी पुढच्या जुम्याच्या बयानात तिचे उत्तर दिले.

हिजरतच्या आधी मदीनेत मोजकेच लोक मुसलमान झाले होते. त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिक्षक म्हणून हजरत मुस्अब बिन उमैर (रजि.) यांना पाठवले. मस्जिद-ए-नबवी उभी राहिली, तेव्हा तिच्यात सुफ्फा होता. तिथे सहाबा (रजि.) शिकत राहत.

हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचा प्रसंग तर आमच्यासाठीच असावा असा आहे. ते आपल्या वस्तीत इशाची नमाज पढवत आणि एकदा त्यांनी सूरह बकरासारखी लांब सूरह सुरू केली. दिवसभर उंटांमागे राबून थकलेला एक माणूस जमात सोडून वेगळी नमाज पढून निघून गेला. तक्रार प्रेषितांपर्यंत (स.) गेली. त्यांनी हजरत मुआज यांना कडक शब्दांत समज दिली आणि त्याच वेळी कोणत्या छोट्या सूरह पढाव्यात, तेही नावे घेऊन सांगितले. पुढे याच हजरत मुआज यांना यमनला पाठवले. जाताना लोकांसमोर आधी काय मांडायचे, त्यानंतर काय, याचा क्रम शिकवला. त्यांना आणि हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना लोकांसाठी सोपे करण्याची, अवघड न करण्याची ताकीद दिली.

इमामसाहेब म्हणाले, "यात चार गोष्टी आहेत. तक्रार ऐकून घेतली. चूक स्पष्ट सांगितली. बरोबर काय ते दाखवले. आणि माणसाला टाकून न देता पुढे आणखी मोठी जबाबदारी दिली. आपण यातली फक्त दुसरी गोष्ट करतो."

हाफिजसाहेब पहिल्या सफमध्ये बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याही.

शनिवारचा तास

मग कामाला सुरुवात केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षातून किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, असे म्हटले आहे. आकडा मोठा वाटतो, पण आठवड्याला तो एक तासही होत नाही. आमच्या शाळेचा शनिवार सकाळचा असतो. शाळा सुटल्यावर एक तास ठरला. शाळेच्या आठ शिक्षिका, एक शिक्षक आणि मकतबचे दोन्ही मोअल्लिम एकत्र बसणार. ट्रस्टच्या एकाने तरी हजर राहायचे, तेही मागच्या बाकावर, शिकण्यासाठी. भाषण करायला बंदी.

पहिले दोन शनिवार नियम-कायद्यांचे झाले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. मदरशांना हा कायदा लागू नाही, पण मुलाचे अंग तर दोन्हीकडे तेच असते. म्हणून मकतबलाही आम्ही तोच नियम लावला. पोक्सो कायदा २०१२ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू म्हणून गप्प बसणे हा गुन्हा ठरतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो आता वर्गाच्या भिंतीवर लिहिला आहे. हे सगळे आमच्या शिक्षिकांनी कुठेतरी ऐकले होते, पण संस्थेने समोर बसवून कधी सांगितले नव्हते. आम्हा ट्रस्टींपैकी दोघांनी तर ते पहिल्यांदाच ऐकले.

तिसऱ्या शनिवारपासून खरी शिकवणी सुरू झाली. शेजारच्या गावातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेचे निवृत्त गुरुजी यायला तयार झाले. त्यांनी एकच पद्धत लावून दिली. आठवड्यात एका शिक्षिकेने आपला नेहमीचा पाठ घ्यायचा. दोघींनी मागे बसून फक्त मुलांकडे पाहायचे आणि लिहायचे, की कोणी उत्तर दिले, कोणाला विचारलेच नाही, कोणाची वही कोरी राहिली. शनिवारी पहिला प्रश्न पाठ घेणाऱ्या शिक्षिकेलाच विचारायचा, 'तुम्हाला काय वाटले?' मग बाकीच्यांनी बोलायचे. शेवटी पुढच्या आठवड्यात बदलायची एकच गोष्ट ठरवायची. एकच, दोन नाही.

पहिल्याच नोंदीने सगळ्या चकित झाल्या. तिसरीच्या वर्गात पस्तीस मिनिटांत बावीस प्रश्न विचारले गेले होते आणि त्यांची उत्तरे त्याच पाच मुलांनी दिली होती. मागच्या भिंतीकडच्या सात मुलींना एकही प्रश्न गेला नव्हता. त्या वर्गाच्या मॅडम अत्यंत कष्टाळू आहेत. त्या म्हणाल्या, "मला वाटायचे, वर्गाला येतेय."

दुसरी मोठी गोष्ट भाषेची निघाली. आमची मुले घरात कोकणी बोली बोलतात. पुस्तकात किताबी उर्दू असते. बाजारात आणि सरकारी कामात मराठी लागते. पहिलीचे मूल गप्प बसते, ते मंद असते म्हणून नव्हे. वर्गातली भाषाच त्याच्या कानावर पडलेली नसते. गुरुजींनी सुचवले की नवा शब्द देण्याआधी मुलाच्या घरातला शब्द विचारा, तो फळ्यावर लिहा आणि त्याला जोडून उर्दू व मराठी शब्द द्या. पहिलीच्या वर्गात आता गोंगाट वाढला आहे, पण तो बोलण्याचा आहे.

मकतबसाठी शहरातून एक अनुभवी कारीसाहेब चार दिवस येऊन राहिले. त्यांनी दाखवलेली रीत साधी होती. मुलांचे वयाप्रमाणे आणि कायद्यातील पाठाप्रमाणे तीन गट करायचे. फळा लावायचा. नवा सबक फळ्यावर लिहून संपूर्ण गटाकडून एकत्र म्हणून घ्यायचा, मखरज स्वतः तोंडाची ठेवण दाखवून शिकवायचा. एक गट म्हणत असेल, तेव्हा दुसऱ्याने लिहायचे आणि तिसऱ्यातील मोठ्या मुलांनी जोडीने एकमेकांचे ऐकायचे. एकेकट्याचे ऐकणे सोडायचे नाही, पण ते शेवटच्या वीस मिनिटांत, रोज ठरावीक मुलांचे. दोन हजार रुपयांचा फळा आणि चार दिवसांचे मार्गदर्शन, एवढ्यात दीड मिनिटाचा सबक चाळीस मिनिटांचा झाला. छडी कपाटात गेली आणि मग कपाटातूनही गेली.

टीईटीचा निकाल आणि चोवीस वर्षांची नोकरी

हे सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये शाळेवर दुसरे संकट आले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, म्हणजे टीईटीबाबत, निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणारे जे शिक्षक आधीपासून नोकरीत आहेत आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लागू करावी का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने मोठ्या खंडपीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

आमच्या बैठकीत लगेच एक जण म्हणाले, "आपली शाळा अल्पसंख्याक. आपल्याला काळजी नाही." मनात आले की बरे झाले, एक डोकेदुखी टळली. पण मग आम्ही स्वतःलाच विचारले की अल्पसंख्याक दर्जा आपल्याला कशासाठी मिळाला आहे? आपल्या मुलांना आपल्या भाषेत, आपल्या संस्कारांत चांगले शिक्षण देता यावे म्हणून. आपल्या मुलांचे शिक्षक इतरांपेक्षा कमी तयारीचे चालतील, असा त्याचा अर्थ आपणच लावायचा का? न्यायालयाचा निर्णय काय व्हायचा तो होईल. आपली तयारी त्यावर अवलंबून ठेवायची नाही, असे ठरले.

शाळेतील सर्वांत जुन्या मॅडमचे वय अठ्ठेचाळीस, नोकरी चोवीस वर्षांची. गावातील अर्धी तरुण पिढी त्यांच्या हाताखालून गेली. त्या एकदा बोलून गेल्या, "रात्री झोप लागत नाही. मुलांचे मन मी चोवीस वर्षे वाचतेय. पण चार पर्यायांतून ते निवडायला कुठे शिकले?"

परीक्षा अशी असते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकी १५० गुण, १५० प्रश्न आणि अडीच तास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना ३०-३० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ६० टक्के. राज्याची परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते.

ट्रस्टने ठरवले की परीक्षेचे शुल्क आणि पुस्तके संस्था देईल. शनिवारच्या तासाला जोडून अर्धा तास अभ्यासाचा. गणिताला गुरुजी, आणि मोबाइलवर सराव प्रश्न सोडवायला गावातीलच बी.एस्सी. झालेली एक मुलगी, जी याच शाळेत शिकली. चौघी परीक्षेला बसल्या. एक उत्तीर्ण झाली, तिघी थोडक्यात राहिल्या. जुन्या मॅडम त्या तिघींत आहेत. निकालाच्या दिवशी त्या शाळेत येणार नाहीत असे आम्हाला वाटले होते. त्या वेळेवर आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "टीचरही नापास होते. मग ती परत अभ्यास करते." आम्हाला वाटते, त्या वर्गाने त्या दिवशी जे शिकले, ते कुठल्या पुस्तकात नाही.

खर्च आणि अडचणी

सगळे गोड झाले, असे नाही. पहिले दोन महिने काही शिक्षिका नाराज होत्या. घरी स्वयंपाक, मुले, सासू-सासरे, आणि त्यात शनिवारचा तास वाढला. त्यांचे बरोबर होते. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे हाही अन्यायच आहे. आम्ही त्या तासाचे मानधन सुरू केले आणि शनिवारी शेवटची तासिका कमी केली. मोअल्लिमांचा पगारही वाढवला. पोटाची चिंता असलेल्या माणसाला पद्धत शिकवून काय उपयोग?

पूर्वी केंद्राच्या शिक्षण परिषदेला किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या शिबिराला शिक्षिका गेली, की वर्ग बंद पडतो म्हणून आम्हीच कपाळाला आठ्या घालत होतो. आता त्या दिवसासाठी बदली शिक्षिका ठरलेली असते. परत आल्यावर तिने शिकलेली एक गोष्ट शनिवारी सगळ्यांना करून दाखवायची, एवढीच अट.

पैशाबाबत एक सूचना. जकातीची रक्कम अशा खर्चाला चालते का, हे आपल्या आलिमांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आम्ही हा खर्च लिल्लाह रकमेतून केला. कुवेत आणि कतारमधील गावकऱ्यांना पत्र लिहिले, की यंदा कमानीसाठी नको, माणसांसाठी द्या. काहींनी विचारले, "पाटी कुठे लावणार?" आम्ही म्हटले, "पाटी नाही, दुआ आहे." आश्चर्य म्हणजे रक्कम पुरली.

एका सभासदांची शंका होती की शिकून हे लोक दुसरीकडे निघून गेले तर? तसे झालेही. एक तरुण शिक्षिका शहरातील शाळेत गेली. आम्हाला वाईट वाटले. पण तिच्यासमोर आज जी मुले बसतात, तीही कोणाची तरी लेकरेच आहेत. इल्म जिथे जाईल, तिथे त्याचा सवाब शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचतो, असा आपला विश्वास आहे ना?

आपल्या गावात काय करता येईल?

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी मशिदीच्या कमिटीत असेल, कोणी शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या. काम कोणतेही असो, सुरुवात सारखीच आहे. वार्षिक हिशेबात कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचे एक शीर्ष घाला, मग रक्कम कितीही लहान असो. नव्या माणसाला कामावर बसवण्याआधी किमान तीन दिवस अनुभवी माणसाशेजारी बसू द्या. आठवड्यातून एक तास ठरवा आणि तो कोणत्याही सभेसाठी, वर्गणीसाठी मोडू नका. तक्रार आली, की 'याला काढा' म्हणण्याआधी 'याला आपण काय शिकवले होते?' हा प्रश्न विचारा. मात्र मुलांवरील अत्याचाराची तक्रार असेल, तर तिथे समजावणे नाही, थेट पोलीस.

आई-वडिलांसाठीही एक विनंती. शिक्षकाची तक्रार जरूर करा, पण वर्षातून एकदा वर्गात मागे बसूनही पाहा. मोअल्लिमांना जेवणाचा डबा पाठवतो, तसा कधी त्यांच्या अडचणीचाही प्रश्न विचारा. आणि त्या आईसारखे निर्भयपणे बोला. ती त्या दिवशी दाराशी येऊन उभी राहिली नसती, तर आम्ही आजही स्लॅबचाच हिशेब करत बसलो असतो.

तिचा मुलगा दोन महिन्यांनी परत आला. आता तो तिसऱ्या गटात आहे आणि लहान मुलांचे ऐकून घेतो. मागच्या आठवड्यात एक छोटा मुलगा पुनःपुन्हा चुकत होता. याने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "घाबरू नकोस, परत म्हण." हे वाक्य हाफिजसाहेबांचे आहे. रोज वर्गात ते हेच म्हणतात.

मकतबच्या स्लॅबचे काम अजून बाकी आहे. पावसात एका कोपऱ्यात गळते, तिथे बादली ठेवतो. इन्शाअल्लाह, तेही होईल.